पिकअप न घालवता गाडीचा आवाज उतरवणं: एका फ्री-फ्लो सायलेन्सरचं काम

कामाला घेतलेली गाडी साधीच होती. १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. आधीच्या मालकानं मधला रेझोनेटर (आवाज उतरवणारा छोटा डबा) कापून तिथं सरळ पाइप जोडलेला, मागचा कंपनीचा डबा काढून बाजारातली फ्री-फ्लो, म्हणजे धुराला न अडवणारी, पुंगळी ठोकलेली. कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तेवढा जागेवर होता. नव्या मालकाच्या अटी दोनच. संभाजीनगरहून नांदेडला जाताना मागं बसलेल्या माणसाशी नीट बोलता आलं पाहिजे, आणि ओव्हरटेक करताना गाडी रेंगाळता कामा नये.

या दोन अटी एकत्र जमत नाहीत, असं बऱ्याच गॅरेजांत गृहीत धरलं जातं. आवाज उतरवायचे मार्ग मात्र दोन आहेत. एक, धुराची वाट अरुंद करायची. दुसरा, वाट आहे तेवढीच ठेवून तिच्याभोवती आवाजाला जिरायला जागा करून द्यायची. पहिल्यात पिकअप जातो. दुसऱ्यात गाडीखालची जागा, दोन-चार किलो वजन आणि वेल्डरचा वेळ जातो. इथं सगळं काम दुसऱ्या मार्गानं केलं.

काही कापण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागते. आवाज हा एकच नसतो. गळतीचा फटफटाट वेगळा, रेस दिल्यावर येणारी पत्र्यासारखी चिरकी वेगळी, आणि एका ठरावीक वेगाला गाडी आतून घुमते ते आणखी वेगळं. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. सायलेन्सर बदलूनही आवाज तसाच राहिला, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा उपाय भलत्याच आवाजावर झालेला असतो.

आधी गळती

गळती शोधायची ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. धातू तापला की फुगतो आणि बारीक फटी मिटतात, मग दुपारी ती गाडी निर्दोष वाटते. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन चालू ठेवून एकानं पुंगळीच्या तोंडाला जाड ओला बोळा धरायचा. पूर्ण बंद करायचं नाही, आणि दोन-तीन सेकंदांच्या वर धरायचं नाही. दुसऱ्यानं खाली सांध्यांजवळ कान द्यायचा. फुस्स आवाज येतो तिथं खडूनं खूण करायची. हे काम उघड्यावरच करायचं, बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. इंजिन बंद ठेवून शोधायचं असेल तर पुंगळीत ब्लोअरची हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारावं, फुगे दिसतात. सांध्याभोवतीची काळी काजळी तर न शोधताही दिसते.

या गाडीत गळती दोन ठिकाणी निघाली. फ्लेक्स पाइपच्या, म्हणजे लवचिक तुकड्याच्या, जाळीखाली चीर, आणि पुढच्या पाइपच्या गोल पॅकिंगजवळ. पुढची गळती नुसत्या आवाजापुरती नसते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडे फट असेल तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय; ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, अॅव्हरेज पडतं, आणि जास्तीच्या पेट्रोलनं कॅटकॉन तापतो. त्यामुळे या एका दुरुस्तीनं आवाज उतरला आणि गाडीही सुधारली.

गोल पॅकिंग नवंच टाकायचं, जुनं फिरवून बसवत नाहीत. त्याचे स्प्रिंगवाले बोल्ट खांद्यापर्यंत घट्ट बसले पाहिजेत. स्प्रिंग अर्धवट दाबलेली राहिली तर सांधा पुन्हा बोलतो. फ्लेक्स पाइप घेताना आत इंटरलॉक लायनर (एकात एक अडकलेल्या पट्ट्यांचं अस्तर) आहे का ते बोट घालून पाहावं. नुसत्या बाहेरच्या जाळीचा स्वस्त तुकडा लवकर फाटतो. आडव्या इंजिनाच्या गाडीत रेस दिली की इंजिन पुढं-मागं डुलतं, तो झोका हा तुकडा झेलतो. म्हणून तो वेल्ड करताना ना ताणलेला असावा, ना दाबलेला.

सिलिकॉन सीलंटची नळी घेऊन पुढच्या सांध्यांना लिंपण लावणारे भेटतात. सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर मारते. पट्टी आणि पुट्टी कॅटकॉनच्या मागं, तात्पुरती, एवढ्यापुरतीच.

गळती संपल्यावर खडखड पाहिली. कॅटकॉनवरच्या उष्णतारोधक पत्र्याचे स्पॉट वेल्ड सुटलेले, तिथं स्टेनलेस जुबली क्लिप भोवती फिरवून आवळली. पाइप टांगून धरणारे दोन हँगर रबर तुटलेले होते आणि पाइप मागच्या बीमला टेकत होता. पाइप बॉडीला टेकला की आख्खी गाडीच स्पीकर होते. रबर चारही नवे टाकावेत. एकच नवं टाकलं तर भार त्याच्यावर येतो.

एअर फिल्टरचा डबाही उघडून बघावा. आधीच्या मालकानं शंकूसारखा उघडा फिल्टर लावला असेल तर पूर्ण रेस दिल्यावरचा गुरगुराट पुढून, बॉनेटखालून येत असतो. त्यासाठी मागचा सायलेन्सर कितीही बदलला तरी फरक पडत नाही. या गाडीला डबा मूळचाच होता.

मोजायचं कसं

मोबाइलवरचं डेसिबलचं अॅप चालतं, पण तुलनेपुरतंच. फोन तोच, जागा तीच, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) तोच. बाहेरचं माप पुंगळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत तिरकं, पुंगळीच्याच उंचीवर. आतलं माप मागच्या सीटवर कानाच्या पातळीला, काचा बंद, एसीचा पंखा बंद.

इथं एक गफलत ठरलेली असते. अॅप बहुधा ए-वेटिंगवर असतं, म्हणजे कानाला कमी जाणवणारे खालच्या पट्टीचे आवाज कमी धरून मोजतं, आणि ए-वेटिंग १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल कापतं. गाडीचं घुमणं नेमकं त्याच पट्ट्यात येतं. म्हणजे डोकं भणभणत असतं आणि आकडा मात्र ठीक दिसतो. आतलं माप खालची पट्टी फारशी न कापणाऱ्या सी-वेटिंगवर घ्यावं, आणि शक्य असेल तर स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप घ्यावं. पट्ट्यातलं सगळ्यात उंच टोक कुठल्या हर्ट्झवर आहे ते कळलं की निम्मं काम झालं.

चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके पडतात. आरपीएमला ६० नं भागून २ नं गुणलं की ठोक्यांची वारंवारता मिळते. ३००० ला १०० हर्ट्झ, २७०० ला ९०. ही गाडी २६०० ते २८०० च्या दरम्यान घुमत होती. पाचव्या गिअरला म्हणजे ताशी ९० च्या आसपास, नेमकी हायवेवर माणूस ज्या वेगाला गाडी लावून ठेवतो तिथं.

समृद्धीवर किंवा कुठल्याही काँक्रीट रस्त्यावर हे तपासताना टायरचा आवाज फसवतो. स्थिर वेगात क्लच दाबून इंजिन स्लोवर येऊ द्यावं, किल्ली बंद करायची नाही. आवाज तसाच राहिला तर तो टायरचा किंवा व्हील बेअरिंगचा. सायलेन्सरवाल्याकडे जायचं कारण नाही.

तोंड बंद करणारे उपाय

पुंगळीत बसवायची 'डीबी किलर' नावाची टोपी सगळ्यात सोपी म्हणून सगळ्यात जास्त विकली जाते. पाइपचा आतला व्यास साडेएकेचाळीस मिलिमीटर आणि टोपीचं भोक २५ चं असेल तर धुराला वाट उरते एक तृतीयांशाच्या जरा वर. स्लोवर आवाज छान उतरतो, ४००० च्या पुढं गाडी गुदमरते, आणि कधी कधी टोपीतून शिट्टी वाजते. भांडी घासायची तारेची घासणी पुंगळीत कोंबणारेही आहेत. ती गरम होऊन आवळते, गोळा होऊन अडकते किंवा एके दिवशी मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर उडते.

याच्या उलट टोकाला एक ठाम समज आहे. मिस्त्री सांगतात, इंजिनाला बॅक प्रेशर (धुराला उलटा रेटणारा दाब) लागतंच, नाहीतर खालचा टॉर्क जातो. निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. गरजेपेक्षा मोठा पाइप लावला की धुराचा वेग मंदावतो, आणि वेगानं जाणारा ठोका आपल्यामागं सिलिंडरमध्ये उरलेला धूर ओढून नेतो ती मदत कमी होते. म्हणून खालचा टॉर्क जातो. दाब कुठल्याच आरपीएमला फायद्याचा नसतो. १२०० सीसीच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला दीड ते पावणेदोन इंची पाइप पुरतो. दोन-अडीच इंची पाइपनं या गाडीत फक्त घुमणं वाढतं.

बॅक प्रेशर अंदाजानं सांगू नये, मोजावं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा, त्याच्या एम-१८ आट्याच्या जागी अडॅप्टर, त्याला अर्धा मीटर धातूची नळी आणि पुढं रबरी होस लावून कमी दाबाचा गेज जोडायचा. नुसती रबरी होस जोडली तर ती वितळते. सेन्सर इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री भेदक तेल मारून, खाचेच्या २२ च्या सॉकेटनं काढावा. थंडगार इंजिनावर जोर केला तर आटे निघून येतात. स्लोवर १.२५ पीएसआयच्या आत आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत काटा राहिला तर कॅटकॉन आणि पुढचं सगळं मोकळं आहे असं धरतात. याच्या वर गेला तर सायलेन्सरचं काम थांबवून कॅटकॉन आतून ढासळलाय का ते बघायचं. उभ्या गाडीत धूर कमी असतो, म्हणून खरं माप दुसऱ्या गिअरला पूर्ण रेस देऊन, शेजारी बसलेल्यानं गेज वाचून घ्यायचं. काम सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवायचा. शेवटी त्याच्याशीच तुलना करायची आहे. सेन्सर काढल्यामुळे इंजिनाचा दिवा लागतो, तो नंतर स्कॅनरनं पुसावा.

डबा किती मोठा

खरं सांगायचं तर ज्याला फक्त शांत गाडी हवी आहे त्यानं कंपनीचा मधला आणि मागचा डबा आणून बसवावा आणि विषय संपवावा. या आकाराच्या इंजिनात कंपनीचा डबा आणि फ्री-फ्लो यांतला फरक गाडी चालवताना कळत नाही. कळतो तो आवाज, आणि मोठ्या आवाजाला माणूस वेग समजतो. इथं मालकाला पाइपचा मोठा व्यास ठेवायचा होता, म्हणून पुढचा खटाटोप.

सरळ आरपार जाणारा डबा म्हणजे मध्ये भोकांचा पाइप, त्याभोवती तंतूंचं वेष्टण, बाहेर पत्रा. धूर सरळ जातो, आवाज भोकांतून बाजूला शिरून तंतूंत जिरतो. ही रचना वरच्या पट्टीचा आवाज, म्हणजे ती चिरकी, चांगली मारते. खालच्या पट्टीला तेवढी लागू पडत नाही. कप्प्यांचा डबा खालची पट्टी मारतो, पण धुराला वळणं घ्यायला लावतो. म्हणून वाट सरळ ठेवून आकारमान वाढवायचं. सायलेन्सरचं आकारमान इंजिनाच्या किमान दहापट असावं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. १.२ लिटरला १२ लिटर. बाजारातली फ्री-फ्लो पुंगळी दोन-तीन लिटरची असते, ती गुरगुरणारच.

पाइप बाहेरून ४४.५ मिलिमीटर, जाडी १.५ मिलिमीटर, एसएस ३०४ जातीचं स्टेनलेस. मध्ये मूळ रेझोनेटरच्याच जागी चार इंच व्यासाचा, ४५ सेंटिमीटर लांबीचा गोल रेझोनेटर. मागं अंडाकृती डबा १८ गुणिले २५, लांबी ३५ सेंटिमीटर, म्हणजे १२ लिटरच्या थोडा वर. आतल्या पाइपला ३ मिलिमीटरची भोकं, ५ मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक ओळीत. त्यानं सुमारे ३३ टक्के जागा मोकळी होते. भोकं फार विरळ असली की आवाज तंतूंपर्यंत पोचत नाही, आणि फार मोठी असली की तंतू ओढले जातात. ड्रिल मारलेल्या भोकांची आतली धार घासून काढावीच लागते. तिथं धूर खरवडतो आणि शिट्टी येते. तयार जाळीचा पाइप मिळाला तर ही मेहनत वाचते.

वेष्टणात सगळ्यात जास्त फसवणूक होते. फॉल्स सीलिंगचं ग्लासवूल घालून देतात. त्यातला चिकटवणारा राळेचा अंश पहिल्या प्रवासातच जळतो, आखूड तंतू सुटे होतात आणि भोकांतून बाहेर पडतात. काही महिन्यांत डबा रिकामा, आवाज पुन्हा पूर्वीचा. आधी भोकांच्या पाइपभोवती जाड स्टेनलेस वूलचा सहा-आठ मिलिमीटरचा थर, तो ज्वाळेचा मारा झेलतो. त्यावर लांब अखंड तंतूंचं काचेचं रोव्हिंग किंवा बेसॉल्टचं वेष्टण. लिटरमागे साधारण १०० ते १२० ग्रॅम. या हिशोबानं मधल्या रेझोनेटरला सुमारे ३५० ग्रॅम, मागच्या डब्याला सव्वा ते दीड किलो. वजनकाट्यावर तोलूनच भरावं. सैल भरलं तर एका बाजूला जमा होतं, ठासून भरलं तर ते आवाजासाठी भिंतच बनतं आणि आवाज आत शिरतच नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पंखा बंद.

मागच्या डब्याचं एक झाकण वेल्ड न करता बोल्टचं केलं, म्हणजे वेष्टण बदलता येतं. याचे पैसे वेल्डर थोडे जास्त मागतो, द्यावेत.

वाकवणं आणि जोडणं

वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीमुळे संभाजीनगरात टीआयजीचा, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशात करायच्या वेल्डिंगचा, चांगला हात असलेले वेल्डर मिळतात. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांभोवती हे कसब जमलेलं आहे. परभणी, हिंगोली, बीडकडच्या लोकांनी पाइप आणि डबे इथून करून न्यावेत आणि बसवायचं काम गावात करावं, ते सोयीचं पडतं. मँड्रेलवर, म्हणजे पाइपला आतून आधार देऊन वाकवणाऱ्या मशीनवर, एकाच गाडीचा पाइप वाकवून द्यायला मोठी युनिटं तयार होत नाहीत. म्हणून तयार ४५ आणि ९० अंशांचे बेंड विकत घेऊन तुकड्या-तुकड्यानं जोडलं. दाबून वाकवणाऱ्या मशीनवर वळणाच्या जागी पाइप चपटा होतो, आणि पाइप मोठा घेतल्याचा सगळा फायदा त्या एका वळणात जातो. वाळू भरून तापवून वाकवायची जुनी पद्धत चालते, पण वाळू आधी कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली हवी. ओली वाळू भरून दोन्ही तोंडं बंद केली आणि पाइप तापवला तर आत वाफ होऊन बूच गोळीसारखं सुटतं.

वेल्डिंगआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच पाइपवर लावायचा. गाडीखाली पेट्रोलची टाकी आहे हे विसरून चालत नाही. सीएनजी किट असेल तर जागेवर फक्त टाके मारून बाकी वेल्ड पाइप खाली काढून टेबलावर करावेत. इथंही तसंच केलं. १.५ मिलिमीटर जाडीला ४५ ते ६० अँपिअर पुरतात. स्टेनलेसला स्टेनलेस जोडताना ३०८एल तार, आणि कॅटकॉनजवळच्या जुन्या लोखंडी फ्लँजला जोडताना ३०९एल. पाइपच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखे काळे दाणे येतात. ते धुराला अडतात आणि तिथूनच तडा सुरू होतो.

मोकळी जागा सोडताना पाइप तापल्यावर लांबतो हे धरून चालावं. अडीच मीटरचा एसएस ३०४ पाइप २५० अंशांनी तापला की एक सेंटिमीटरच्या थोडा वर वाढतो. थंड गाडीत बीमपासून बोटभर अंतर ठेवून निघालेली गाडी वीस मिनिटांनी ठणठण वाजू लागते ती यामुळे. चौफेर २५ ते ३० मिलिमीटर, टाकी आणि ब्रेकच्या नळीजवळ त्याहून जास्त. डबा बंपरच्या खालच्या कडेच्या वरच राहिला पाहिजे. आपल्याकडचे गावागावांत हातानं घातलेले स्पीडब्रेकर बघता, मागं तीन माणसं बसवून एकदा तपासून घ्यावं.

पुंगळीचं तोंड बंपरच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटर निघालंच पाहिजे. तोंड गाडीखाली संपलं तर मजला थरथरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे धूर आत येतो. हॅचबॅकच्या पाठीमागं हवेचा भोवरा असतो, डिकीचं रबर जुनं असेल तर तो धूर आत ओढतो.

घुमणं घालवणं

एवढं झाल्यावर चिरकी गेली, फटफटाट गेला, बाहेर उभ्या माणसाला गाडी साधीच वाटायला लागली. पण २७०० चं घुमणं कमी होऊनही शिल्लक होतं. ९० हर्ट्झला तंतू फारसे पुरत नाहीत. त्याला बंद तोंडाचा फाटा लागतो, ज्याला काही जण जे-पाइप म्हणतात. मुख्य पाइपमधून एक आंधळी शाखा काढायची. आवाजाची लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर उलट्या टप्प्यात येऊन मूळ लाटेला खोडते. धूर त्यातून वाहत नाही, म्हणून पिकअपला धक्का नाही. या सगळ्या कामातला सगळ्यात समाधानाचा भाग हाच.

लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले वारंवारतेच्या चौपट. वेग मात्र गरम वायूतला घ्यायचा. बाहेरच्या हवेचा ३४० मीटर धरला तर उत्तर ९४ सेंटिमीटर येतं, आणि तो फाटा गरम झाल्यावर ३३०० आरपीएमच्या आसपास काम करतो, जिथं त्याची गरजच नसते. इंटरनेटवरून आकडा उचलून केलेले बरेच जे-पाइप यामुळेच वाया जातात. उलट मुख्य प्रवाहाचं ३००-४०० अंश तापमान धरलं तरी चुकतं, कारण आंधळ्या शाखेत धूर थांबलेला असतो आणि ती बरीच थंड राहते. १५० ते २०० अंश धरले की वेग सेकंदाला ४१० ते ४३५ मीटर येतो, आणि ९० हर्ट्झसाठी लांबी ११५ ते १२० सेंटिमीटर. माप पाइपच्या मध्यरेषेवरून घ्यायचं. वळवला तरी चालतो, फक्त व्यास मुख्य पाइपएवढाच ठेवायचा. बारीक फाट्याचा परिणाम अपुरा होतो.

फाटा मागच्या डब्याच्या थोडा अलीकडे काढला. शेवटचे वीस सेंटिमीटर पाइपात पाइप सरकेल असे ठेवले, वर क्लॅम्प. एक सेंटिमीटर कमी-जास्त केलं की परिणाम २३-२४ आरपीएमनं सरकतो. लांब केला की खाली, आखूड केला की वर. सुरुवात लांबीकडून करावी. प्रत्येक बदलानंतर निदान वीस मिनिटं गाडी हायवेवर चालवून मगच माप घ्यायचं, थंड पाइपचं माप खोटं असतं. उभ्या गाडीत रेस देऊनही काही कळत नाही, कारण इंजिनावर भार नसतो. लांब सौम्य चढ आणि स्थिर पाय, हे बरोबर. जागा सापडली की क्लॅम्पच्या ठिकाणी वेल्ड. बंद टोक किंचित वर उचललेलं हवं, म्हणजे आत जमणारं पाणी परत मुख्य पाइपात येतं. टोक खाली राहिलं तर पाणी साठतं, लांबी बदलते आणि टोक आतून गंजतं.

हा फाटा दोन-तीनशे आरपीएमच्या पट्ट्यातच काम करतो. ताशी १२० ला, म्हणजे ३६०० च्या आसपास, त्याचा उपयोग नाही. तिथलं काम मोठा डबा करतो.

पिकअप गेला का

तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८०, पूर्ण रेस, सपाट मोकळा रस्ता, दोन्ही दिशांनी, तेवढीच माणसं, टाकीत तेवढंच पेट्रोल. वेळ ओबीडी अॅपवर (गाडीच्या ईसीयूतून आकडे वाचणाऱ्या) नोंदवायची, स्टॉपवॉचवर नाही. आधीचं आणि नंतरचं माप दिवसाच्या एकाच वेळी घ्यायचं, आणि मराठवाड्यात ही अट सगळ्यात महत्त्वाची आहे. पहाटेच्या २२ अंशांपेक्षा दुपारच्या ४२ अंशांत हवेची घनता सहा टक्क्यांहून जास्त कमी असते, म्हणजे इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच. सायलेन्सरमधल्या कुठल्याही बदलापेक्षा हा फरक मोठा आहे. एप्रिलमध्ये दुपारी डबा बदलून 'गाडी दबली' म्हणणारे बरेच जण उन्हाला दबलेले असतात.

शेवटी लांब मुदतीचा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूनं पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली वाढ-घट, बघावा. शून्याच्या जवळ, अधिक-उणे पाचच्या आत असेल तर पुढं गळती उरली नाही. या गाडीची ४० ते ८० ची वेळ बदलली नाही, आणि पूर्ण रेसमधलं बॅक प्रेशर आधीच्या आकड्याला धरूनच राहिलं.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार सायलेन्सर असणं आणि त्यानं आवाज मर्यादेत ठेवणं बंधनकारक आहे. आवाजाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र होऊ शकतं. कारसाठी ७४ डेसिबलचा जो आकडा ऐकू येतो तो कंपनीच्या चाचणीचा आहे, धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजलेला. पुंगळीजवळच्या मोबाइलच्या आकड्याशी तो ताडू नये. कॅटकॉन काढून 'मोकळी' केलेली गाडी मात्र आवाज उतरवला तरी बेकायदाच राहते.

पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर सगळे फ्लँज बोल्ट पुन्हा आवळायचे. एम-८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर, त्याहून जास्त दिला तर स्टड तुटतो. मागच्या डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिलिमीटरचं एक भोक हवं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. दुकान ते घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत डबा कधीच शंभर अंशांवर जात नाही, आणि ते पाणी वेष्टणात मुरतं. भिजलेलं वेष्टण आवाज जिरवत नाही. पावसाळ्यात गाडी अचानक मोठ्यानं बोलू लागली तर काही उघडण्याआधी हायवेवर अर्धा तास चालवून आणावी आणि तारेनं ते भोक मोकळं करावं.